पाऱ्यात बुडवलेला पाय

कोल्हापुरातल्या एका फार्मसी कॉलेजात मी चौदा वर्षं उंदरांचे पाय पाऱ्यात बुडवले. काम सोपं. पांढऱ्या उंदराच्या मागच्या पायाला सूज आणणारी सुई टोचायची. त्याआधी काहींना औषध पाजायचं, काहींना नुसतं पाणी. मग दर तासाला तो पाय घोट्यावरच्या शाईच्या रेघेपर्यंत नळीतल्या पाऱ्यात धरायचा. जेवढी सूज, तेवढा पारा वर. आकडा मी सांगायचा, विद्यार्थ्यानं लिहायचा.

विद्यार्थ्यांच्या हिशेबाची एक वही माझ्या डोक्यात असे. कोण उंदराला भितो, कोण आकडा लिहिताना नळीऐवजी सरांच्या केबिनकडं बघतो. माझं स्वतःचं पान मात्र त्यात नव्हतं.

२००३ साली मुरगूडची निशा प्रबंधासाठी आली. रोज पहिल्या एसटीनं. तिच्या मार्गदर्शकांनी, म्हणजे पृथ्वीराज सरांनी, तिला बांधावरचा एक पाला दिला होता. त्याचा काढा सुजेवर चालतो हे तपासायचं होतं. सर म्हणायचे, तपासायचं नव्हे, दाखवायचं. पहिल्याच फेरीत तिसऱ्या तासाला पाल्याच्या उंदरांची सूज निम्मी.

"केरबा, तुमचा हात म्हणजे हात!" सर म्हणाले. मी दिवसभर तो हात मिरवला.

आठवड्यानं निशानं दुसरी फेरी मांडली. सकाळी म्हणाली, "केरबामामा, वाईच चहा घेऊन या की."

परत आलो तर सगळ्या उंदरांना औषध पाजून झालेलं. पेट्यांवरच्या नावांवर कागद चिकटवून पेट्या उलटसुलट केलेल्या आणि मग कागदांवर नुसते आकडे टाकलेले.

"आमच्यावर इश्वास न्हाय व्हय?"

"तुमच्यावर हाय मामा. माझ्यावरच न्हाय. कुठल्या पेटीत काय हाय ते कळलं की माझं डोळं तिकडंच जात्यात."

दिवसभर मी नुसत्या आकड्यांवर पाय बुडवले, संध्याकाळी कागद काढले. तुलनेला ठेवलेल्या उंदरांची सूज बाजारातल्या गोळीनं उतरली होती. पाला आणि पाणी मात्र एकसारखे.

मला ठाऊक नव्हतं म्हणणं सोयीचं आहे. पेटीवर 'पाला' दिसला की माझा हात रेघेच्या केसभर अलीकडं थांबायचा. 'पाणी' दिसलं की केसभर पलीकडं. कुणी सांगितलं नव्हतं. सरांची मान हलली की मला बरं वाटायचं, एवढंच. असं एका केसावर आधीचे तीन प्रबंध उभे होते.

सरांनी वही आपटली. "डोस चुकला असणार. सुई नीट बसली नसणार. आता सहा महिने थांब आणि पुन्हा कर."

निशाचा चेहरा उतरला. वारणानगरला एका कॉलेजात जूनपासून तिची नोकरी ठरत आली होती. प्रबंध मार्चात गेला तरच. "सर, गोळी चालली की. सुई चुकली असती तर तीपण चालली नसती."

"वाद घालू नकोस. केरबा, तुम्ही सांगा. हिचा हात कसा आहे?"

दोघंही माझ्याकडं बघत होते. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "नवीन हाय साहेब. थरथरतोय जरा."

चोवीस उंदरांना टोचताना तिचा हात एकदाही हलला नव्हता. ते मी उभा राहून बघितलं होतं.

सर गेल्यावर ती पेट्यांत भुसा घालत बसली. मी उगाच नळी पुसत राहिलो. ती म्हणाली, "मामा, माझा हात थरथरतोय व्हय?"

"न्हाय."

"मग?"

मी नळी जागेवर ठेवली. "पुढच्या खेपेलाबी कागद लावणार हाय," ती म्हणाली. "तुम्हीच बुडवा. दुसऱ्यानं बुडवलं तर सर म्हणतील हात बदलला म्हणून असं आलं."

सप्टेंबरात तिनं पुन्हा केलं. मीच बुडवलं. आकडे तेच आले. सरांनी तोंड वाकडं करून सही केली. वारणानगरची जागा तोवर दुसऱ्याला गेली होती.

डिसेंबरात निशानं प्रबंधाची एक प्रत माझ्या हातात दिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. प्रबंध इंग्रजीत होता, म्हणून घरी पूर्णिमाला, माझ्या थोरलीला, आभाराचं पान वाचायला सांगितलं. बायकोलाही हाक मारली. तेवढी हौस अजून शिल्लक होती.

पूर्णिमा बोट ठेवून एकेक शब्द मराठीत सांगू लागली. "केरबामामांचे आभार. त्यांनी सगळी मापं पेट्यांवरची नावं न बघता घेतली." बायको म्हणाली, "बघा, छापून आलं!"

पूर्णिमानं ते वाक्य मनाशी पुन्हा वाचलं. "आबा, मग त्याआधी तुम्ही नावं बघून घेत होता व्हय?"

बायको हसतच होती. मी म्हणालो, "व्हय."

पूर्णिमानं प्रबंध मिटला, आणि मी हात पुढं केला होता तरी माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला.