फेट्यातला कोल्हा

अमेरिकेतल्या चँडलर गावच्या कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कँटीनमध्ये राजेशनं डबा बाजूला सारून छापून आणलेलं पत्र टेबलावर ठेवलं आणि हिमानी-अतुलपुढे सरकवलं.

प्रकरण साधं होतं. गावातल्या बेसबॉल क्लबनं शनिवारच्या मॅचला 'इंडियन नाइट' ठेवली होती. मैदानात ढोल वाजणार, समोसे मिळणार, इथवर सगळं छान. पण क्लबचा मॅस्कॉट, म्हणजे कोल्ह्याच्या सोंगात नाचणारा माणूस, त्या दिवशी फेटा बांधून आणि खोट्या मिशा पिळत लोकांना हसवणार होता. जाहिरात बघितल्यापासून राजेशचं डोकं फिरलं होतं. 'आमचा फेटा म्हणजे सोंग नव्हे' हे क्लबला लिहिलेल्या पत्रातलं वाक्य त्यानं दोघांना दोनदा वाचून दाखवलं.

अतुलला यात काहीच वावगं दिसत नव्हतं. हल्ली शिंकायचं तरी पॉलिटिकली करेक्ट आहे का ते आधी विचारावं लागतं यार, असं म्हणत तो राजेशच्याच डब्यातली भरली वांगी संपवत होता. राजेश इतका चिडला की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

हिमानीनं मुकाट्यानं सही केली. पत्र बरोबरच होतं, त्यात वाद नव्हता. पण मग राजेश म्हणाला की लिऑनला बोलावलंय, तोही सही करेल. झालं, तिनं डबा बंद केला.

त्यांच्याच कंपनीतला लिऑन नेटिव्ह अमेरिकन, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, हायवेपलीकडच्या जमातीच्या राखीव जमिनीवर वाढलेला. राजेशला बेसबॉलचं वेड लावलं ते त्यानंच. सहा वर्षं दर मार्चला दोघं रजा टाकून सरावाच्या मॅचेस बघायला जायचे. यंदा लिऑनला वेळ नव्हता. काय बिनसलं कोण जाणे, म्हणून राजेश महिनाभर कुरकुरत होता. हिमानीला मात्र ठाऊक होतं. नोव्हेंबरात इथल्या मराठी मंडळाच्या फॅन्सी ड्रेसला हाच राजेश 'रेड इंडियन' बनून, डोक्यात पिसं खोवून, गालांवर लिपस्टिकचे पट्टे ओढून, तोंडावर हात आपटत नाचला होता. वर पहिलं बक्षीस! फोटो मंडळाच्या पेजवर झळकला. दुसऱ्या दिवशी लिऑननं तिला एवढंच विचारलं, हा राजेशच ना? ती हो म्हणाली; राजेशला मात्र काहीच सांगितलं नाही. उगाच कशाला कुणाच्या मैत्रीत पडा, म्हणून तब्बल पाच महिने गप्प. भित्री कुठली.

आता लिऑन ट्रे घेऊन येताना दिसला. हिमानीनं फोटो उघडून फोन राजेशपुढे सरकवला.

"हे त्यानं बघितलंय," ती म्हणाली. "नोव्हेंबरपासून."

"अगं, ती गंमत होती..." राजेश म्हणाला. पत्र उचलायला त्यानं हात पुढे केला, पण लिऑन पोचला होता. त्यानं ट्रे टेकवला, फोनकडे एकदा बघितलं आणि पत्र उचलून सावकाश शेवटपर्यंत वाचलं. अतुलचंही खाणं थांबलं.

राजेश कसाबसा म्हणाला, "लिऑन, सही राहू दे. माझं चुकलं."

"मलाही तुला असंच पत्र लिहायचं होतं," लिऑन म्हणाला. "तीनदा लिहायला बसलो. जमलं नाही."

त्यानं पेन मागून घेतलं, राजेशच्या सहीखाली सही केली आणि ट्रे उचलून खिडकीजवळच्या टेबलावर एकटाच जाऊन बसला. राजेश उठला, चार पावलं गेला आणि मध्येच थांबला. लिऑनच्या समोरची खुर्ची रिकामी होती. तिच्यात बसावं की नाही, हे लंचची वेळ संपेपर्यंत राजेशला ठरवता आलं नाही.