दगडांची पाठ

त्या खडकाळ वाळवंटात वाट अशी नव्हतीच. दगडावर रंग दिसला की पुढे चालायचं, एवढीच वाट. तो रंग लावणं हे रंगाऱ्याचं काम. जाणाऱ्याला दिसेल त्या अंगाला पांढरा पट्टा, परतणाऱ्याला दिसेल त्या अंगाला पिवळा. एका दगडासाठी दोनदा वाकायचं, बस. पण गेल्या वर्षी या गृहस्थाने कंटाळा केला. जाताना पांढरे पट्टे ओढले, पिवळ्यांचं उद्या बघू म्हणाला, आणि ओळखीच्या घळीतून जवळच्या रस्त्याने घरी येऊन झोपला.

त्याच दुपारी त्याचा थोरला भाऊ, धाकट्याने विसरलेला जेवणाचा डबा घेऊन, पांढरे पट्टे बघत आत गेला. तो परत आलाच नाही. शोधणाऱ्यांनी वाटाड्या म्हणून नेलं तेही रंगाऱ्यालाच! त्याने मूग गिळले ते गिळलेच.

आज पिवळा रंग घेऊन तो निघाला, तर वहिनी सोबत यायला हटून बसली.

"मला एकच कळू दे, भाऊजी. इतका जपून चालणारा माणूस दिवसाढवळ्या चुकला कसा?"

ती पुढे, तो मागे. तिने नुसती मान वळवली असती तरी मागच्या दगडांच्या कोऱ्या पाठी दिसल्या असत्या. म्हणून हा आपला अखंड बडबडत होता, हे बघा, ते बघा, सगळं समोरचंच. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

सतराव्या दगडापुढे पाणी लागलं.

रंगारी जागच्या जागी थिजला. या खोलगट खडकात बसून तो कितीदा जेवला होता. इथे कधी थेंब दिसला नव्हता. आता तो काठोकाठ भरला होता. काळं, गार पाणी. वारा पडलेला, तरी ते हलत होतं, नुकतंच कुणी बाहेर पडल्यासारखं.

काठावर अनवाणी ओली पावलं उमटली होती. ही दोघं ज्या दिशेने आली होती, त्याच दिशेने ती पावलं परत गेलेली. वहिनी त्यांच्यामागे वळली.

परतीच्या पहिल्याच दगडाच्या पाठीवर ओला पंजा होता. त्याखाली दुसरा, बाजूला तिसरा. पुढच्या दगडावरही तसेच. त्या उन्हात थुंकीसुद्धा टिकली नसती, पण ते पंजे वाळत नव्हते. सगळ्यांच्या करंगळीचं टोक नव्हतं. भावाचं ते लहानपणी दारात चेंगरून गेलं होतं.

वहिनीने दगड चाचपला.

"हे इथे काय शोधतायत, भाऊजी?"

"पिवळा पट्टा," तो म्हणाला, आणि मग त्याला आवरेना. "मी लावलाच नाही, वहिनी. एकाही दगडाला नाही."

तिने दगडावरचा हात काढून घेतला.

"वर्षभर माझ्या हातचं जेवलात तुम्ही," ती म्हणाली. "माफी मागू नका. मी देणार नाही. रंग उघडा."

तो रंगवत परत निघाला. दगडावर पट्टा ओढला की मागून चपचप पावलं येत आणि त्या दगडापाशी थांबत. दोघांपैकी कुणीही मागे बघितलं नाही. त्याला भीती वाटत होती आणि रडूही येत होतं. सोळा दगड झाले. शेवटचा झाला, तेव्हा समोर डांबरी रस्ता होता. तिथून गावापर्यंत रंगवायला एकही दगड नव्हता.

तो उठून उभा राहिला, तोच त्याच्या पाठीवर गार हात पडला. हात खाली सरकला, वर आला, या खांद्यावरून त्या खांद्यावर गेला. घाई नाही, राग नाही. नुसता शोधत होता. रंगाऱ्याचा सदरा भिजून अंगाला चिकटला. सुसाट पळत सुटावं असं त्याला वाटलं, पण तो हलला नाही. पाठ तशीच धरून उभा राहिला.

वहिनीने त्याच्या पाठीकडे बघितलं. तिने तोंडावर पदर दाबला. मग त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला, रंगात बुडवला आणि त्याच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत एक जाड पिवळा पट्टा ओढला.

हात थांबला.

"आता तुम्ही पुढे व्हा, भाऊजी," ती म्हणाली. "सरळ घरापर्यंत चला."