माकसूनआजीची किमची

कोरियातल्या इन्चॉन शहरात आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोकळी जागा होती. पालिकेने तिथे बावीस वाफे पाडले आणि चिठ्ठ्या टाकून लोकांना वाटले. देखरेख माझ्याकडे आली. सात नंबरचा वाफा माकसूनआजीचा. चौऱ्याहत्तर वर्षांची, नवरा गेल्यापासून एकटीच. तिच्यासारखा मुळा कुणालाच पिकवता आला नाही.

सून से-रिन गरोदर राहिली तेव्हापासून आजी दर पंधरवड्याला दोन बस बदलून मुलाकडे भाजी आणि किमची, म्हणजे तिखट-मीठ लावून आंबवलेला मुळा, पोचवायची. बाजारच्या भाजीवर औषधं मारलेली असतात, आपली स्वच्छ, असं सगळ्यांना सांगायची. पुढे नात दा-ओन दीड वर्षाची झाली, तेव्हा किमचीचं तिखट धुऊन मुळ्याचे बारीक तुकडे तिला भातातून भरवू लागली.

मला एक गोष्ट ठाऊक होती. मी लग्न होऊन इथे आले, तेव्हा त्या जागेवर जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचे. पण वर नवी माती टाकलीय, असं सांगण्यात आलं आणि मी गप्प बसले.

वाफे पडल्यापासूनच्या चौथ्या वसंतात एकाच्या कुदळीला बॅटरीची काळी पट्टी लागली. तेव्हा कुठे मी माती तपासायला पाठवली. नवी माती जेमतेम वीतभर निघाली. खाली सगळीकडे शिसं, आणि सर्वांत जास्त सात नंबरमध्ये.

मी तपासणीचा कागद घेऊन गेले तेव्हा आजी लसूण सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"धुतल्यावर जातं ना? मी तीन पाण्यांनी धुवायचे."

"वरची माती जाते, आजी. मुळ्यात शिरलेलं नाही जात."

मग बॅटऱ्यांचंही मी सांगून टाकलं.

"तू स्वतः खायचीस ना माझा मुळा?"

"खायचे."

"मग तू मूर्ख आहेस, वाईट नाहीस. पण आता जा. थोडे दिवस येऊ नकोस."

सुनेला फोन तिने स्वतःच केला. दा-ओनच्या रक्तात शिसं निघालं. हळूहळू कमी होईल, पण पुढे काय परिणाम दिसेल ते आज सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. से-रिन एका शब्दाने रागावली नाही. आजीला तेच जास्त लागलं.

वाफ्यांना कुंपण पडलं. महिन्याभराने न राहवून मी आजीकडे गेले, तर ती भाताबरोबर तीच किमची खात होती. बरणी अर्धी झाली होती. मी ती ओढून घेऊ लागले, पण तिने सोडली नाही.

"मला काय होणार आता? त्या पोरीने खाल्लं, मी का नको?"

मी तिच्याशेजारी बसून राहिले. शेवटी तिचेच हात सैल पडले. बरणी मी विल्हेवाट लावायला पालिकेच्या कचेरीत नेऊन दिली.

शरदातल्या चुसोकच्या सणाला आजीने मला सोबत मुलाकडे नेलं. तिने दुकानातून नाशपाती घेतल्या होत्या. त्यांवरची लेबलं मी काढायला लागले, तर म्हणाली, "राहू दे, सुनेला दिसू देत."

से-रिनने एक नाशपाती सोलून फोडी बशीत मांडल्या. दा-ओन आजीच्या मांडीवर चढली आणि तिने आ केला. आजीने फोड उचलली, पण भरवली नाही. ती सुनेकडे बघत थांबली.

से-रिनला होकाराची मान हलवायला क्षणभर वेळ लागला.