कँटीनच्या रांगेतली अक्षरं

प्रियदर्शनीनं प्रुफं टेबलावर आपटली आणि म्हणाली, "हे अक्षर मी छापायला देणार नाही. नाही म्हणजे नाही."

समोर आप्पासाहेब होते. निवृत्त सुभेदार मेजर, साताऱ्यातल्या माजी सैनिक मंडळाचे अध्यक्ष आणि मंडळाच्या 'पलटण' या त्रैमासिकाचे संपादक. त्यांना तोंडावर 'नाही' म्हणणारं माणूस कंदील घेऊन शोधावं लागलं असतं. अंकाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्याला नवं रूप द्यायचं ठरलं, काम अंकाची मांडणी करणाऱ्या प्रियदर्शनीकडं आलं, आणि तिथंच बिनसलं.

बिनसवलं आप्पासाहेबांच्या पुतण्यानं. विश्वजित पुण्यात जाहिरातीच्या कंपनीत. मथळ्याला त्यानं असा टोकदार फाँट निवडला, की प्रत्येक काना म्हणजे उपसलेली तलवार. मजकुराला केसासारखा बारीक, तोही नऊ पॉइंटात. म्हणे मॉडर्न लुक. अहो, कसला डोंबलाचा लुक!

"मथळा बघितला की चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स आठवतो," प्रियदर्शनी म्हणाली, "आणि मजकूर तर दिसतच नाही. एक बैल उधळलेला, दुसरा बसका. ही जोडी गाडी कुठं नेणार?"

तिची जोडी साधी होती. मथळ्याला जाड, ठसठशीत अक्षर. मजकुराला गोल, मोकळं, तेरा पॉइंटाचं. दोन्हींचं वळण एकाच घरातलं. वाचणारे सत्तरीपुढचे, मोतीबिंदू काढलेले, आणि कागद शाई पिणारा. महिनाभर ती या जोडीपायी जेवण विसरली होती.

"लय साधं वाटतंय, पोरी," आप्पासाहेब म्हणाले. "आन् तुझ्या अक्षरानं चार पानं वाढत्यात. ती कुठनं आणू?"

"तुमचे पानपानभर चार फोटो आहेत. ते काढा."

शेजारी बसलेल्या विश्वजितनं जीभ चावली. आप्पासाहेब लालबुंद झाले.

"आप्पासाहेब, नेम जुळवून रायफल झिरो कुणी करायची?" तिनं विचारलं.

"ज्यानं चालवायची त्यानं."

"मग चला कँटीनला. वाचणाऱ्यांनाच विचारू."

महिन्याचा पहिला आठवडा. सैनिकी कँटीनपुढं महिन्याचं सामान घ्यायला आलेल्या माजी सैनिकांची ही एवढी रांग, हातात पिशव्या आणि कार्डं. प्रियदर्शनीनं विश्वजितचं प्रूफ पहिल्या म्हाताऱ्याला दिलं. "दिसतंय का, बाबा?"

त्यानं कागद हातभर लांब धरला. मग तिच्यामागं उभ्या आप्पासाहेबांकडं बघितलं आणि टाचा जुळवल्या. "एकदम फर्स्ट क्लास, साहेब!"

दुसरा तेच म्हणाला, तिसराही तेच. पाचव्यानं तर कागद उलटा धरून शाबासकी दिली. बोंबला! सुभेदार मेजर समोर असताना 'दिसत न्हाई' म्हणायची छाती कुणाची? विश्वजित गालात हसला. प्रियदर्शनीच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. आप्पासाहेबांना बरोबर आणलं तिथंच माती खाल्ली, तिला वाटलं.

"आणा बघू हिकडं," मागून कुणीतरी म्हणालं. ती कोरेगावची मनुबाई. तिचे मालक, हवालदार ज्ञानू, श्रावणात वारले होते. तिनं जन्मात कुणाला सॅल्यूट ठोकला नव्हता.

"श्रद्धांजलीचं पान कंचं?"

प्रियदर्शनीनं काढून दिलं. मनुबाईनं पदरानं चष्मा पुसला, कागद उन्हात नेला, डोळ्यांशी आणला, लांब धरला.

"ह्यात आमचं माणूस न्हाई."

"आहेत, मावशी. तिसरी ओळ."

"असंल. मला घावंना." तिनं सरळ आप्पासाहेबांकडं बघितलं. "आवं साहेब, नोकरीत हुतं तवा वरीस वरीस दिसत न्हवतं. आता कागदावर बी दिसू नये व्हय?"

प्रियदर्शनीनं आपलं प्रूफ पुढं केलं. मनुबाईचं बोट ओळीवरून सरकलं आणि थांबलं.

"हवालदार ज्ञानू रामा जगदाळे," तिनं खणखणीत वाचलं. मग कुणी न सांगता पुढचं नाव वाचलं, त्याच्या पुढचंही. एकेका नावाला रांगेतले म्हातारे ताठ होत गेले.

उलटा कागद धरणारा पुढं आला. "साहेब, खरं सांगू? मला मगा कायबी दिसलं न्हवतं."

"मला बी न्हाई," आणखी एक म्हणाला. मग सगळेच बोलायला लागले.

आप्पासाहेबांनी बारीक अक्षराचं प्रूफ घेऊन स्वतःचा अग्रलेख उघडला. पहिल्या ओळीवरच त्यांचं घोडं अडलं. बऱ्याच वेळानं त्यांनी कागद विश्वजितच्या हातात कोंबला.

"माझा फोटो काढ."

"कुठला, काका?"

"चारी काढ."

प्रियदर्शनीनं मनुबाईपुढं हात केला. ते प्रूफ छापखान्यात द्यायचं होतं. मनुबाईनं त्याची नीट घडी केली आणि पोलक्यात घातली.

"आता न्हाई मिळायचं," ती म्हणाली. "लय दिवसांनी घावल्यात."