डावी विलिमची, उजवी रुडीची

चूक माझीच होती. हे आधीच कबूल करते, म्हणजे मग कुणी मला शहाणपण शिकवायला नको.

बाबा गेले तेव्हा वाटणीला मलाच बसवलं. दोन भावांच्या मधली बहीण म्हणजे फुकटातली वकील. वरचं घर विलिमला, कारण तो थोरला. पन्नास पावलं खालचं घर आणि गवताचं रान रुडीला. छोटा ट्रॅक्टर विलिमला, लाकडं कापायची मोठी करवत रुडीला. सगळं सकाळीच उरकलं आणि मग ट्रॅक्टरच्या चाकांना बांधायच्या बर्फाच्या साखळ्यांपाशी येऊन गाडं अडलं. विलिम म्हणे, ट्रॅक्टर माझा तर साखळ्याही माझ्याच. रुडी म्हणे, साखळ्या मी बाबांबरोबर जाऊन पाठीवरून आणल्यात, तू तेव्हा ताप आला म्हणून लोळत होतास. दीड तास हेच. तिकडे चुलीवर माझं सूप करपलं. शेवटी मी उठले, डावी साखळी विलिमच्या पायाशी आपटली, उजवी रुडीच्या.

"घ्या एकेक, आणि गळ्यात घालून फिरा!"

आणि त्यांनी घेतल्या की! आपापल्या गोठ्यात खिळा ठोकून टांगूनही ठेवल्या. या दोघांना चिडून काही बोलायची सोय नाही, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

त्याच हिवाळ्यात विलिम एकच साखळी लावून बर्फ काढायला निघाला. डाव्या चाकानं जमीन धरली, उजवं घसरत राहिलं आणि ट्रॅक्टर उजवीकडे वळून थेट रुडीच्या कुंपणात घुसला. आलुबुखाराची दोन झाडंही गेली. त्या दिवसापासून बोलणं बंद. नवा जोड आणायला कुणी तयार नाही. विलिमचं म्हणणं, अर्धा जोड घरात असताना आणखी दोन साखळ्या कशाला? त्यानंतर सहा वर्षं बर्फही असा पडला की फावड्यानं भागावं. भांडण तसंच मुरत राहिलं.

आणि मग फेब्रुवारीत, माझ्या भाचीच्या लग्नाच्या आदल्या रात्री, आभाळानं सहा वर्षांची उधारी एकदम फेडली.

सकाळी सात वाजता दार उघडलं तर बर्फ माझ्या कमरेला लागला. सरकारी गाडीनं मोठा रस्ता साफ केला होता, पण फक्त खालच्या चर्चपर्यंत. तिथून विलिमच्या फाटकापर्यंतचा दीड किलोमीटर ज्याचा त्यानं काढायचा, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. माझं घर रुडीच्याही खाली. बाबांचे जुने बूट घालून मी वर पोचले तेव्हा विलिमची आईवेगळी पोर तेना केसांना गुंडाळ्या लावून स्वयंपाकघरात रडत होती.

"आत्या, पाद्रीबाबांना बारा म्हणजे बारा. दोन वाजता त्यांना दुसऱ्या गावात दफन आहे. आणि सोमवारी लिव्हियो जहाजावर जातोय, सात महिने!"

लिव्हियो म्हणजे नवरामुलगा, समुद्रकाठचा. त्या लोकांनी बर्फ पाहिलेला तो पोस्टकार्डावर. मुलाकडच्यांनी मुलीच्या फाटकावर येऊन तिला मागायचं, आधी एक खोटी नवरी पुढे करून त्यांची थट्टा करायची आणि मगच खरीनं उंबरा ओलांडायचा, असा आमचा रिवाज. आता फाटकावर येणार कोण आणि कसं?

अंगणात विलिम ट्रॅक्टरपाशी उभा होता. पुढे बर्फ लोटायचं पातं लावून तयार, डाव्या चाकाला गंजलेली साखळी, उजवं चाक उघडं.

"हे काय?" मी विचारलं.

"हळू जाईन."

"मागच्या वेळी पण हळूच गेला होतास. विचार त्या आलुबुखारांना. जा, रुडीकडून साखळी माग."

"मी? त्याच्याकडे? लग्नाचं बोलावणं पाठवलं होतं, आलं का काही उत्तर?"

"बोलावणं द्यायला कोण गेलं होतं?"

विलिमनं पात्याकडे बघितलं. "पोस्टानं पाठवलं."

मला आधी विश्वासच बसेना. पन्नास पावलांवर राहणाऱ्या सख्ख्या भावाला पोस्टानं! म्हणजे ते पाकीट इथून शहरात गेलं, तिथं शिक्का खाल्ला आणि परत याच डोंगरावर चढून आलं. मी त्याला जे बोलले ते लग्नघरात बोलण्यासारखं नव्हतं. तेनानं घाईघाईनं खिडकी लावून घेतली.

मग गेले मी रुडीकडे. हा आमचा धाकटा ब्रह्मचारी, दाढी करून, पांढरा शर्ट घालून, टेबलाशी एकटाच पत्ते मांडून बसलेला.

"लग्नाला यायचं नाही ना तुला? मग हा शर्ट कुणासाठी?"

"शनिवार आहे. माणसानं स्वच्छ राहावं."

"रुडी, साखळी दे."

"बोलावणं पोस्टानं आलंय. साखळीपण पोस्टानं पाठवतो."

"तेनाचं लग्न आज झालं नाही तर सात महिने लांबेल. तिनं काय केलंय तुझं?"

त्यानं पुढचं पान उलटलं. तेना लहान असताना याच्याच खांद्यावर बसून मशरूम गोळा करायला जायची. मला रडू यायला लागलं होतं, आणि मला रडू आलं की मी ओरडते. "चूक माझी होती! मीच त्या फेकल्या एकेक करून. तुला शिक्षा करायची तर मला कर, पोरीला नको!"

रुडीनं शांतपणे पत्ते गोळा केले. "साखळी मी देणार नाही," तो म्हणाला. मी दाराकडे वळले. "माझी साखळी मी दुसऱ्याच्या हातात देत नाही. जिथं ती जाईल, तिथं मी जाईन."

गोठ्यात खिळ्यावर त्याची साखळी लटकत होती. एक डाग नाही गंजाचा. सहा वर्षं दर शरदात तेल लावलेलं दिसत होतं. 

तो साखळी खांद्यावर घेऊन अंगणात आला तसा विलिमनं एकदम पात्याचा बोल्ट तपासायला घेतला. रुडीनं माझ्याकडे तोंड करून सांगितलं, "येल्का, त्याला सांग, डावीचे आकडे उलटे लावलेत. टोकं आत आली की टायर फाडतात."

विलिम तीन हात अंतरावर उभा. "येल्का, त्याला सांग, मला कळतं."

"कळतं तर उलटे कसे लागले, विचार."

"मी काय तुमची पोस्टमन आहे?" मी म्हटलं. "ती कामं पोस्टानं करा, तुम्हाला सवय आहे!"

विलिमच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यानं साखळी सोडली आणि आकडे बाहेर करून पुन्हा लावली. रुडीनं आपली उजव्या चाकावर पांघरली, आतली कडी आधी, बाहेरची मग, आणि उजव्या चाकावरच्या पत्र्यावर चढून बसला. ट्रॅक्टर फाटकाबाहेर पडला, सरळ.

नव्या लावलेल्या साखळ्या थोडं चाललं की सैल पडतात. पन्नास पावलांवर थांबून पुन्हा ताणाव्या लागतात. ही पन्नास पावलं नेमकी रुडीच्या कुंपणापाशी संपली. दोघे उतरले, ज्यानं त्यानं आपापली साखळी ताणायला घेतली. विलिमच्या गंजलेल्या कडीनं हट्ट धरला. हिसके देऊन त्याचं बोट सोललं. रुडी मागून फिरून डावीकडे आला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा दोघांचे हात एकाच साखळीवर आले.

"ओढ," रुडी म्हणाला.

"ओढतोय."

"जेवला नाहीस का? ओढ!"

कडी बसली. मी मागं बर्फात उभी राहून बाबांच्या बुटांत देवाचे आभार मानले.

अकरा वाजता ते चर्चपाशी पोचले आणि साडेअकराला परत वर आले, मागं समुद्रकाठच्या चार गाड्यांची रांग, अकॉर्डियनवाला, आणि लिव्हियोची आजी दोन कांबळ्यांत गुंडाळलेली. घाईत खोटी नवरी ठरवायचं राहूनच गेलं होतं. मी खिडकीचा जाळीचा पडदा उतरवला आणि चाकावरच्या पत्र्यावर बसलेल्या रुडीच्या डोक्यावर टाकला. दाढी केलेली होतीच.

"हीच का तुमची?" मी लिव्हियोला विचारलं.

"फार सुंदर आहे," लिव्हियो म्हणाला, "पण हिच्या अंगाला डिझेलचा वास येतोय."

"हिची साखळी घेतली तर हीपण बरोबर येते," विलिम म्हणाला, आणि इतका हसला की त्याला फाटकाला धरून उभं राहावं लागलं. बाराला पाच कमी असताना तेना चर्चमध्ये होती. रात्री हरणाच्या मांसाचा रस्सा वाढताना मी पाहिलं, दोघे भाऊ शेजारी बसून रकिया, म्हणजे आमची घरची फळांची दारू, पीत कुंपणाच्या दुरुस्तीवरून भांडत होते. समोरासमोर, माझ्याशिवाय.

आता एप्रिल संपत आलाय. बर्फ कधीच गेला, रानात फुलं आली, पण विलिमचा ट्रॅक्टर अजून दोन्ही साखळ्या लावून कोरड्या रस्त्यावर खणखणत हिंडतो. खडी उडते, कुत्री भुंकतात, गावात लोक मला विचारतात, तुझ्या भावांचं डोकं ठिकाणावर आहे ना?

काल मी विलिमला म्हटलं, "काढ ना रे तुझी."

"आधी त्याला काढू दे."

रुडी चाकावरच्या पत्र्यावर बसून विडी ओढत होता. मी त्याच्याकडे वळले. "मग तू काढ. काय अडलंय?"

त्यानं विडी चाकावर विझवली.

"काढली की घरी न्यावी लागेल ना, येल्का."

  मी विलिमच्या स्वयंपाकघरात गेले आणि तिघांपुरते बटाटे उकडायला टाकले.