भिंतीलगतची फुली

माईंचं मौन रोज सकाळी अकरापर्यंत असे. नवरा गेल्यापासून सात वर्षं, एक दिवस खंड नाही. दारावर कुणी आलं तर मानेनेच हो-नाही. दूधवाल्याच्याही ते अंगवळणी पडलं होतं.

पाणी तपासणारा आला तेव्हा साडेनऊ झाले होते. मुलगा दोन दिवसांच्या रजेवर आला होता, तो अंगणात बोअर पाडायचं ठरवूनच. मागच्या उन्हाळ्यात नळ महिनाभर कोरडा होता, हे आईने त्याला फोनवर सांगितलं होतं. त्या महिन्यात पाणी कुठून आलं, ते मात्र सांगायचं राहूनच गेलं होतं.

तपासणाऱ्याने जमिनीत सळया ठोकल्या, वायरी जोडल्या, यंत्राकडे बघत बराच वेळ हुं हुं केलं आणि चुन्याच्या फक्कीने दोन फुल्या मारल्या. एक मोगऱ्याच्या वाफ्यात, बरोब्बर मधोमध. दुसरी भिंतीलगत.

"पाणी दोन्हीकडे आहे. पण वाफ्यात घ्यायचं तर गाडी आत येणार, झाडांचा चेंदामेंदा होणार. भिंतीपाशी घ्या. फक्त पलीकडे उथळ विहीर नको. आपलं बोअर खोल गेलं की शेजाऱ्याची विहीर कोरडी ठणठणीत. आहे का विहीर?"

मुलगा भिंतीवरून डोकावला. पलीकडे सिमेंटचा ओटा, ओट्यावर कुंड्या. "दिसत तरी नाही. आई, आहे का गं?"

माई पायरीवर पोथी घेऊन बसल्या होत्या. विहीर त्या ओट्याखालीच होती. ओटा हेच तिचं झाकण. नुसती मान हलवायची होती. पण नजर मोगऱ्याकडे गेली. देवापुढची रोजची अकरा फुलं तिथलीच. माईंनी क्षणभर डोळे मिटले आणि पोथीचं पान उलटलं.

"मौन आहे तिचं," मुलगा हसून म्हणाला. "विहीर असती तर खूण केली असती. फसवाफसवी तिला जमतच नाही."

तपासणाऱ्याने कागदावर लिहिलं, विहीर नाही.

अकरा वाजले, मौन सुटलं. माई बोलल्या त्या आमटीत मीठ पुरे झालं का, एवढंच.

जेवणानंतर मुलाने तोच कागद पुढे केला. "शेजारच्यांची हरकत नाही, अशी सही लागते. तूच जा. तुझं त्यांचं चांगलं जमतं."

शेजारी शिवणबाई राहत. दारातच त्यांनी हाक मारली, "अगंबाई, माई! आज इकडे कुठे वाट चुकलात? बसा, बसा. तिथे नको, त्या ब्लाउजवर बसलात तर गिऱ्हाईक माझा जीव घेईल."

माईंनी कागद पुढे केला. शिवणबाईंनी टेपखालून पेन ओढलं. "कुठे करू सही?"

"वाचा तरी आधी."

"तुमचं काय वाचायचं? इथे येणाऱ्या एकजात सगळ्या माप देताना पोट आत ओढून धरतात, आणि मग कपडा घट्ट झाला म्हणून मलाच बोल लावतात. श्वास सोडून उभ्या राहणाऱ्या तुम्ही एकट्या."

सही झाली. माई फाटकापर्यंत गेल्या. पुढे पाऊल टाकवेना. परत फिरल्या तेव्हा मशीन सुरू झालं होतं.

"त्यावर लिहिलंय, इथे विहीर नाही," माई म्हणाल्या. "मला विचारलं होतं. मी गप्प बसले."

मशीन थांबलं. "मागच्या उन्हाळ्यात भिंतीवरून पाइप टाकला, तो याच विहिरीतून ना?"

"हो."

"मग?"

"फुलांसाठी," माई म्हणाल्या. शब्द तोंडाबाहेर पडला आणि धरणीने पोटात घ्यावं असं त्यांना झालं.

शिवणबाईंनी सुईतला दोरा दाताने तोडला. "मुलाला सांगितलंत?"

"नाही."

"मग मला काय सांगता? घरी जा आणि त्याला सांगा. कागद राहू दे इथेच."

मुलगा बोअरवाल्याच्या फोनची वाट बघत होता. गाडी उद्या सकाळी यायची होती. माईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. तो जरा गोंधळला, मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "विसरली असशील गं. मौनात होतीस, लक्ष पोथीत असणार."

"विसरले नाही. ऐकलं, आणि पान उलटलं."

तेवढ्यात फोन वाजला.

"हां, जागा बदलायची. भिंतीपाशी नको, वाफ्यात घ्या... पलीकडे विहीर निघाली... नाही हो, मीच नीट बघितलं नाही. माझीच चूक."

माईंना चटका बसावा तसं झालं. त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे. मी सांगते त्यांना."

"राहू दे, आई," असं म्हणून मुलाने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि पाठ फिरवली.