क्लेर्सिनाचे म्हणणे

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. साठ मिनिटांची, दोन्ही बाजूंना तीस-तीस. माझ्या अंगावरची चिठ्ठी पिवळी पडली आहे. तिच्यावर निळ्या शाईत 'आईसाठी' एवढेच लिहिलेले आहे. माझ्यावर कोणी कधी गाणी भरली नाहीत. माझ्यावर एक पुस्तक आहे आणि त्या पुस्तकाबद्दल काही माणसे काय म्हणाली, ते आहे. त्या म्हणण्यामुळे मी जन्मभर भीत आले.

माझ्या तरुणपणी हैतीच्या डोंगरांतले लोक पत्र लिहीत नसत, बोलत असत. परदेशी गेलेली मुलगी कॅसेटवर बोलायची आणि गावी निघालेल्या कुणाच्या तरी हाती ती द्यायची. घरची माणसे दुसरी कॅसेट भरून उत्तर पाठवायची. गेर्लीन ही अशीच एक मुलगी. न्यूयॉर्कला एका इस्पितळाच्या धोबीखान्यात ती चादरी धुवायची. एका हिवाळ्यात तिला एक कादंबरी मिळाली. देशातून पळून गेलेल्या एका हैतियन माणसाने माँट्रियलला बसून ती फ्रेंचमध्ये लिहिली होती. हैतीत तेव्हा हुकूमशाही होती; ती कादंबरी जवळ बाळगली तरी माणूस तुरुंगात जाई. गेर्लीनच्या आईला वाचता येत नव्हते, फ्रेंचही येत नव्हते. म्हणून गेर्लीन एकेक पान वाचायची आणि तेच घरच्या बोलीत मला सांगायची. मोठी वर्णने तिने गाळली. गोष्ट पुरती माझ्यावर आली.

गोष्ट सरळ होती. एका माणसाला जीपमधून उचलून नेतात आणि त्याची बायको वाट पाहते.

मी जाकमेल शहराच्या वरच्या डोंगरातल्या एका वाडीत पोचले, ती मक्याच्या पिठाच्या पिशवीत लपून. गेर्लीनच्या आईला सगळे मान फिलोमीझ म्हणत; तिकडच्या बोलीत 'मान' म्हणजे आई. ऐकायला दोघेच यायचे. एक शेजारी, कोंपे नेर्वा, म्हणजे नेर्वादादा, दात पडलेला आणि तोंडाळ. दुसरी क्लेर्सिना. तिच्या नवऱ्याला, ओरेलिसला, आठ वर्षांपूर्वी तिथल्या शेफने, म्हणजे डोंगरावरच्या सरकारी अंमलदाराने, पकडून नेले होते. दिवसा गोष्ट सांगणे तिकडे अशुभ मानतात, म्हणून सूर्य डोंगराआड गेला की दार लोटून मला लावत. गेर्लीन माझ्यातून विचारायची, "क्रिक?" आणि तिघे दबक्या आवाजात म्हणायचे, "क्राक!" त्याशिवाय तिथे गोष्ट पुढे सरकत नाही.

आणि तिथली माणसे गोष्ट गप्प बसून ऐकत नाहीत. दुसऱ्या बाजूच्या मध्यावर कादंबरीतल्या बायकोने कंदील विझवला आणि ती दाराआड रडत बसली. तेव्हा क्लेर्सिना उसळली.

"बंद कर गं ते! कोण बाई रडत बसते?"

"पुस्तकातली बसते," नेर्वा म्हणाला. "तुझ्यासारखी भांडकुदळ थोडीच आहे ती!"

"कोंपे, तुम्ही जिभेला जरा आराम द्या. मान, हा लिहिणारा कधी कुणाच्या दारात उभा राहिलाय का?"

तिचे नीट ऐकावे म्हणून मान फिलोमीझने मला थांबवले होते. आता मला पुन्हा सुरू करायला तिने वाजवण्याचे आणि आवाज भरण्याचे अशी दोन बटणे एकदम दाबली. मुलीला उत्तर पाठवताना ती तशीच दाबायची. तिला दुसरी सवयच नव्हती. मी फिरू लागले. गेर्लीनचा आवाज पुसला जाऊ लागला आणि त्या जागी क्लेर्सिनाचा येऊ लागला.

"शेफ एक्झांतिसने माझ्या अंगणातून नेलं ओरेलिसला. मी रडले नाही. दुसऱ्या दिवसापासून चौकीवर डबा नेला. राजमा घातलेला मक्याचा सांजा. एकवीस दिवस नेला, आणि एकवीस दिवस त्यांनी तो घेतला. डबा घेतात म्हणजे आत जेवणारा आहे. तो जिवंत आहे, मान. कुठल्या तरी तुरुंगात आहे."

चूक कळली ती मला पुन्हा वाजवल्यावर. गेर्लीनच्या जागी शेफचे नाव ऐकू आले आणि नेर्वाच्या हातातली कॉफी सांडली.

"पुसा ते! आत्ताच्या आत्ता! वरून एखादं भजन म्हणा!"

"पुसायचं नाही," क्लेर्सिना म्हणाली. "आठ वर्षांत मी एकदाच मोठ्यानं बोलले."

"अगं बाई, तुझं एक वेळ सोड. फिलोमीझचं काय? माझं काय? मी तर नुसता ऐकत बसलो होतो!"

मान फिलोमीझने मला यंत्रातून काढले. मग म्हणाली, "गुरुवारी माझी भाची विमानानं जातेय. तिच्याबरोबर हे गेर्लीनकडे जाऊ दे. तोवर कुणी तोंड उघडायचं नाही."

पण मंगळवारीच शेफ एक्झांतिस आला. निळा सदरा, कमरेला पिस्तूल. त्या डोंगरावर कोण राहील आणि कोण नाहीसा होईल, हे तो ठरवायचा. तो आला आणि मान फिलोमीझच्या एकुलत्या खुर्चीत बसला.

"मान, तुझ्याकडे म्हणे गोष्ट सांगणारं यंत्र आलंय. आम्हाला नाही बोलावलंस?"

"म्हातारीच्या गोष्टी, शेफ. तुम्हाला कुठं वेळ!"

"आज आहे. सगळी नको. शेवट ऐकव."

मला दुसऱ्या बाजूने लावले. मित्रांनो, आम्हा कॅसेटना स्वतः थांबता येत नाही. बटण दाबले की फिरायचे, एवढेच आम्हाला ठाऊक. पंधरा मिनिटे गेर्लीनचा आवाज होता. त्यानंतर क्लेर्सिनाचा, आणि तिच्या पहिल्याच वाक्यात याचे नाव. एका चाकावरची फीत कमी होत होती. क्लेर्सिना दारापाशी शेंगा सोलत बसली होती. नेर्वा भिंतीला चिकटून उभा होता. पुस्तकावर बंदी आहे, हे शेफला कळले नाही. तो गोष्टीत रमला. गेर्लीनने "क्रिक?" म्हटले की सर्वांत मोठ्याने "क्राक!" तोच म्हणायचा.

बायकोने कंदील विझवला. त्याच क्षणी मान फिलोमीझने मला थांबवले.

"का गं?"

"पुढं फीत ओल धरून खराब झालीय, शेफ. पण शेवट मला पाठ आहे. मी सांगते."

तिला शेवट पाठ नव्हता. तो कुणी ऐकलाच नव्हता; नेर्वा घाबरला त्या रात्रीनंतर मला पुढे कुणी वाजवलेच नव्हते. तिने जागच्या जागी रचला. एक दिवस नवरा नदीकाठच्या वाटेने चालत येतो, वाळलेला, दाढी वाढलेला, आणि अंगणात येऊन पाणी मागतो.

शेफ हसला. अगदी मोकळा हसला.

"परत येतो? हे लिहिणारे लोक ना! मान, जीपमध्ये घातलेला माणूस शहरापर्यंतसुद्धा पोचत नाही. नदीच्या उतारावर जीप थांबते. त्याच संध्याकाळी सगळं संपतं. आणि ती बायको रडत नाही बसत. ती खुळी डबा आणत राहते. रोज! शिपाई मिटक्या मारत जेवतात. मी लिहिलं असतं तर असं लिहिलं असतं."

"तुम्ही लिहायलाच हवं होतं, शेफ," नेर्वा म्हणाला.

शेफने मला यंत्रातून काढले, उजेडाकडे धरून पाहिले आणि टेबलावर टाकले. "मुलीला सांग, जरा खरं लिहिणाऱ्याचं पुस्तक पाठव," म्हणाला आणि गेला.

क्लेर्सिना शेंगा सोलतच राहिली. टोपली संपेपर्यंत कुणी हलले नाही. मग ती उठली.

"मान, यंत्र लाव."

"पुसायचं का गं, लेकरा?"

"नाही. पुढं जोड."

मान फिलोमीझने मला क्लेर्सिनाच्या बोलण्याच्या शेवटापर्यंत नेले आणि दोन्ही बटणे दाबली. या वेळी चुकून नाही.

"गेर्लीन, त्या लिहिणाऱ्याला माझं म्हणणं कळव. त्याच्या पुस्तकात बाई रडत बसली, ते खोटं आहे. नवरा परत येतो असं लिहिलं असेल, तर तेही खोटं. तो नदीच्या उतारावर पहिल्याच संध्याकाळी गेला. डबा शिपायांनी खाल्ला. हे मला शेफ एक्झांतिसनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मी क्लेर्सिना ओगुस्तेन, ओरेलिस ओगुस्तेनची बायको. माझं नाव लपवू नकोस."

गुरुवारी विमानतळावर एका शिपायाने भाचीची पिशवी उलटी केली. मी रोट्यांबरोबर फरशीवर पडले. त्याने मला बुटाने बाजूला सारले. तेवढ्यावर मी वाचले.

गेर्लीनने मला ऐकले, त्या दिवशी ती कामावर गेली नाही. तिने क्लेर्सिनाचे म्हणणे कागदावर उतरवून लेखकाला पाठवले. त्याचे उत्तर आले की नाही, मला माहीत नाही. क्लेर्सिनाचे पुढे काय झाले, तेही कुणी माझ्यासमोर बोलले नाही. मला खोक्यात ठेवले आणि यंत्रे बदलली.

मित्रांनो, मी अजूनही भिते, पण आता शिपायांना नाही. माझ्या फितीवरची पूड झडते आहे आणि दरवर्षी क्लेर्सिनाचा आवाज थोडा पातळ होतो. तुमच्याही घरात अशी एखादी जुनी कॅसेट असेल. तिच्यावर नवे काही भरण्याआधी, तिला कचऱ्यात टाकण्याआधी, एकदा शेवटपर्यंत ऐका. वही जवळ घेऊन बसा. कुणी आपले नाव सांगत असेल, तर ते पूर्ण लिहून घ्या.